कुणाचे सेकंद?

पादचाऱ्यांच्या सिग्नलमधला हिरवा माणूस किती वेळ उभा राहणार, हे कुणीतरी कागदावर ठरवलेलं असतं. पुष्कळ देशांत वर्षानुवर्षं चालत आलेलं गणित असं: माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. रस्ता १८ मीटर रुंद असेल, तर त्याला १५ सेकंद पुरे. धडधाकट असताना हे गणित कधी जाणवत नाही. हिरवा माणूस लुकलुकायला लागला की मी चार ढांगांत पलीकडे पोचायचे आणि विसरून जायचे. आईचा गुडघा बदलल्यानंतर तिचा हात धरून रस्ते ओलांडायला लागले, तेव्हा कळलं की ती सेकंदाला जेमतेम पाऊण मीटर चालते. म्हणजे तिला २४ सेकंद हवेत. पंधरा सेकंद संपतात तेव्हा ती अकरा मीटरवर असते, रस्त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, गुरगुरणाऱ्या गाड्यांच्या ऐन समोर. "तू हो गं पुढे, मी येते हळूहळू," असं ती म्हणायची. गाडीखाली यायचंच असेल तर दोघींनी कशाला, असा तिचा व्यवहारी विचार असावा.

त्या नऊ सेकंदांचं काय करायचं, याचं एक उत्तर सिंगापूरने २००९ साली काढलं. ज्येष्ठांना मिळालेलं कार्ड सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला टेकवलं की हिरवा माणूस आणखी काही सेकंद थांबतो. यंत्र साधंच आहे. हे सेकंद द्यायला हवेत असं आधी कुणाला तरी वाटणं, हे खरं अवघड. कारण ते कुणाकडून तरी घ्यावे लागतात, आणि ज्यांच्याकडून घ्यायचे ते गाडीत बसलेले असतात.

तेव्हापासून मला रस्त्यात सेकंद दिसायला लागले. रस्त्यावरच्या जागेचं वाटप सगळ्यांना दिसतं: एवढं डांबर गाड्यांना, एवढं पार्किंगला, उरलेली चिंचोळी पट्टी पायांना, आणि तीही मध्ये विजेचा खांब नसला तर. वेळेचं वाटप मात्र चटकन लक्षात येत नाही. एखादा चौक नव्याने आखायचा ठरला की वाहनांची मोजणी होते. प्रत्येक गाडीला सरासरी किती सेकंद खोळंबावं लागतं, त्यावरून चौकाला सर्वांत चांगल्या 'ए'पासून सर्वांत वाईट 'एफ'पर्यंत श्रेणी देण्याची पद्धत जगभर रूढ आहे. या हिशेबात पायी माणूस येतो तो बहुधा गाडीला होणारा अडथळा म्हणून. ऊन-पावसात दुभाजकावर उभं राहून तो किती सेकंद खोळंबला, ते सहसा कुणी टिपून ठेवत नाही.

पादचारी पुलाचंच बघा. गाड्या, बस, ट्रक खालून जायला हवेत म्हणून तो चांगला दुमजली उंचीवर असतो. तेवढ्या पायऱ्या चढा, वरून चाला, तेवढ्याच उतरा. धट्ट्याकट्ट्या माणसाची दोन-तीन मिनिटं जातात. हातात मूल, पिशवी किंवा काठी असेल तर विचारूच नका. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी पूल नसल्यातच जमा. आणि हे सगळं कशासाठी, तर खालच्या गाड्यांना वीस-पंचवीस सेकंद थांबावं लागू नये म्हणून. मग लोक दुभाजकाच्या फटीतून जातात. ती फट बुजवायला जाळी बसवली जाते. काही दिवसांनी जाळीचे दोन गज वाकलेले दिसतात. त्यावरून 'आपल्याकडे शिस्तच नाही' हे भाषण होतं. माझ्या मते ते दोन वाकलेले गज हा शहरातला सगळ्यांत प्रामाणिक वाहतूक अहवाल असतो. लोकांना नेमकं कुठून ओलांडायचंय ते त्यात मीटरभराच्या अचूकतेने लिहिलेलं असतं.

रस्ता नेहमीच असा एकाच्या मालकीचा नव्हता. मोटारी आल्या तेव्हा रस्त्यावर चालणारे, विकणारे, खेळणारे, घोडागाड्या हाकणारे असे सगळेच होते, आणि नव्या यंत्राने त्यांच्या चालीने चालावं अशीच अपेक्षा होती. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई मोटारीखाली सापडून गेली. पेट्रोल मोटारीने ब्रिटनमध्ये घेतलेला पायी माणसाचा हा पहिला बळी. चालकाने आपला वेग ताशी ४ मैल होता असं सांगितलं. म्हणजे साडेसहा किलोमीटर, भरभर चालण्याइतका. असं पुन्हा घडू नये, असं चौकशी करणारा कॉरोनर म्हणाल्याचं सांगतात.

पुढे अमेरिकेत मोटारी वाढल्या आणि शहरांत मुलं मरू लागली, तेव्हा लोक गप्प बसले नाहीत. १९२३ साली सिनसिनाटी शहरात ४२,००० हून अधिक लोकांनी एका मागणीवर सह्या केल्या: शहरातल्या प्रत्येक मोटारीत असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या वर पळूच शकणार नाही. मोटारवाले आणि मोटार विकणारे खडबडून जागे झाले, जोरदार प्रचार झाला आणि मतदानात प्रस्ताव पडला. त्याच दशकात वाट्टेल तिथून रस्ता ओलांडणं हा अमेरिकेतल्या शहरांमध्ये गुन्हा ठरत गेला. वेगाला लगाम घालायचा की पायांना, या प्रश्नाचा निकाल तिथे लागला आणि तोच हळूहळू बाकीच्या जगाने स्वीकारला. आज आपण मुलांना 'रस्त्यावर जाऊ नको' म्हणतो, तेव्हा तो निसर्गनियम आहे अशा थाटात म्हणतो.

आता वेगाचं गणित. हे मी कागदावर स्वतः मांडून बघितलं, कारण ऐकून विश्वास बसत नव्हता. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी आणि ५० ने येणारी गाडी, दोन्ही एकमेकींना समांतर. अचानक समोर मूल येतं. दोन्ही चालक तितकेच सावध. ब्रेकवर पाय पडायला दोघांनाही एकच सेकंद लागतो असं धरू. तेवढ्या वेळात ३० वाली गाडी आठ मीटरच्या थोडी पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्या पाचेक मीटरमध्ये थांबते. एकूण साधारण साडेतेरा मीटर. ५० वाली गाडी त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. मूल त्या साडेतेरा मीटरवर असेल, तर एका गाडीसमोर ते घाबरून रडतं आणि दुसरी त्याला पूर्ण ५० च्या वेगाने धडकते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० च्या गाडीत ती ३० च्या गाडीच्या पावणेतीनपट असते.

चूक दोन्हीकडे सारखीच होती, हे यात महत्त्वाचं. मुलाने बघितलं नाही. तसं ते बघत नाहीच कधी. मूल आहे ते. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली 'व्हिजन झीरो' नावाचं धोरण स्वीकारलं ते याच पायावर: माणसं चुकणार हे गृहीत धरा आणि चुकीची शिक्षा मृत्यू असणार नाही असे रस्ते बांधा. जिथे उघड्या अंगाची माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३० हा आकडा त्यातून आला. माणसाचं शरीर किती सोसू शकतं यावरून. आपण मात्र अपघाताची बातमी वाचताना आधी शोधतो ती मेलेल्याची चूक. हेल्मेट होतं का, कानात काही होतं का, कपडे गडद होते का. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ साली जगभरात रस्त्यांवर सुमारे ११.९ लाख माणसं मेली, त्यांतली २३ टक्के पायी चालणारी आणि ६ टक्के सायकलवर होती. इतक्या सगळ्यांच्या कानात गाणी नसणार.

या ३० ची किंमत किती? ताशी ५० ने एक किलोमीटर जायला ७२ सेकंद लागतात, ३० ने १२०. फरक ४८ सेकंदांचा. तोही कागदावरचा, कारण शहरात सलग किलोमीटरभर ५० ने जायला मिळतंच कुठे? ५० ने पळून पुढच्या सिग्नलला जो थांबतो, त्याच्या शेजारी मी सायकलवर येऊन उभी राहते. दर चौकात आमची पुन्हा नजरानजर होते. अशा वेळी काच खाली करून एकाने मला विचारलं होतं, "कशाला जीव धोक्यात घालता, ताई?" त्याच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. धोका नेमका कुणामुळे, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नसावं.

वेगमर्यादेच्या पाट्या लावून हे होत नाही, हे पाटी लावणाऱ्यांनाही ठाऊक असतं. चालक पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता 'पळव' म्हणतो. त्याच्या कडेला ३० चा गोल लावला तरी पाय दाबलाच जातो. लेन अरुंद केली, चौकातला कोपरा गोलाईऐवजी काटकोनाकडे झुकवला, की गाडी आपोआप मंदावते. झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या पातळीवर उचललं तर आणखी गंमत होते: पायी माणसाला रस्त्यावर उतरावं लागत नाही, गाडीलाच त्याच्या पातळीवर चढून यावं लागतं. कुणाच्या घरात कोण पाहुणा, ते चाकांना कळतं. (गतिरोधकांच्या आद्य रचनाकारांत एक नोबेल विजेता आहे, हे मला फार उशिरा समजलं. क्ष-किरणांच्या विखुरण्यावर संशोधन करून १९२७ चं नोबेल मिळवलेल्या आर्थर कॉम्प्टनने १९५३ साली सेंट लुईसच्या विद्यापीठाच्या आवारातल्या भरधाव गाड्यांना कंटाळून उंचवटे आखले. मात्र कंबर मोडणाऱ्या, रंगही न दिलेल्या आजच्या उंचवट्यांचं पाप त्याच्या माथी मारू नये.)

सगळ्यांत स्वस्त उपाय बहुधा कोपरा मोकळा ठेवण्याचा. क्रॉसिंगच्या अगदी तोंडाशी गाडी उभी असली की तिच्या आडून पाऊल टाकणारा दिसत नाही, विशेषतः तो तीन फूट उंचीचा असेल तर. न्यू जर्सीतल्या होबोकेन या दाटीवाटीच्या शहराने कोपऱ्यांवरचं पार्किंग नेटाने काढलं, तिथे खांब, कुंड्या, सायकलींचे स्टँड लावले. त्याच्या जोडीला वेग कमी केले, सिग्नल सुधारले. २०१७ पासून सात वर्षांहून जास्त काळ तिथे वाहतूक अपघातात एकही मृत्यू झाला नाही. पार्किंगच्या दोन-चार जागांवरून शहरं किती भांडतात हे ज्याने पाहिलंय, त्याला यातलं धाडस समजेल.

सायकलवाल्यांबद्दल थोडं स्वतःच्या अंगावरून सांगते. रंगाच्या पट्ट्याला मी सायकल ट्रॅक म्हणत नाही. पट्टा बस अडवत नाही. बऱ्याचदा तो उभ्या गाड्यांच्या दारांना घासून काढलेला असतो. कुणी मागे न बघता दार उघडलं की मी एकतर दारावर नाहीतर मागून येणाऱ्याच्या चाकाखाली. म्हणून मी पट्ट्याच्या बाहेरून चालवते, आणि मग मागचा माणूस हॉर्न वाजवून मला पट्टा दाखवतो. नेदरलँड्समध्ये गाडी शिकताना दार लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात. तसं केलं की खांदा वळतो, मान वळते, मागचं दिसतं. इतकी साधी गोष्ट, पण मुळात ट्रॅक आणि दार यांच्यामध्ये दोन-तीन फूट रुंद, उंचावलेली कड असेल तर तिचीही गरज फारशी उरत नाही. चौकात तर पट्टा बहुतेक वेळा गायबच होतो, आणि शहरात सायकलवाले मरतात ते बऱ्याचदा चौकात, वळणाऱ्या ट्रकच्या आंधळ्या बाजूला. म्हणजे छत्री नेमकी पाऊस लागेल तिथेच मिटते.

'सायकली दिसतात कुठे, मग ट्रॅक कशाला?' हा प्रश्न सभेत हटकून येतो. नदी पोहून जाणारे मोजून पूल हवा की नको ते ठरवत नाहीत. स्पेनमधल्या सेव्हिया शहरात सायकली जवळपास नव्हत्याच. तिथे २००६ नंतर तुकडे तुकडे न करता सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं, गाड्यांपासून वेगळं केलेलं जाळं थोड्याच अवधीत उभं केलं. काही वर्षांत सायकलच्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. मी कुठल्याही शहरात गेले की ट्रॅकची लांबी विचारत नाही. सायकलवर बायका, म्हातारी माणसं, दप्तरवाली मुलं किती आहेत ते बघते. नुसते घामाघूम तरुण पुरुषच दिसत असतील, तर ते शहर अजून शूरांपुरतं आहे.

आणि हो, फुटपाथवरून सायकल हाणणारे आमच्यातलेच असतात. मागून आवाज न करता सायकल खांद्याला चाटून गेली की आई जागीच थिजायची. पडण्याइतकीच पडण्याची भीती वाईट असते. पण पायी माणूस आणि सायकलवाला यांचं हे भांडण उष्ट्यावरचं आहे. जेवण कुणी जेवलं, ते बाजूच्या सहा लेनमध्ये दिसतं. याच कारणाने 'सगळ्यांनी एकत्र, सामंजस्याने' या कल्पनेबद्दल मी जराशी साशंक आहे. हान्स मोंडरमन या डच अभियंत्याने चौकांतले सिग्नल, पाट्या, कडा काढून टाकल्या. रस्ता संदिग्ध झाला की चालक डोळ्याला डोळा भिडवून सावकाश जातो, हे त्याने दाखवून दिलं. पाहुण्यांसमोर तो स्वतः पाठमोरा त्या चौकात चालत जाई. मोठा डौलदार प्रयोग. पण ज्याला डोळ्याला डोळा भिडवताच येत नाही त्या अंध माणसाने काय करायचं? काठीला लागणारी फुटपाथची कड हाच त्याचा नकाशा असतो.

डच लोकांचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, 'त्यांच्या रक्तातच सायकल आहे.' रक्त होतं खरं, पण रस्त्यावर सांडलेलं. युद्धानंतर तिथेही गाड्या वाढल्या, सायकली हटल्या, जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद झाले. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. मग 'स्टॉप द किंडरमोर्ड', म्हणजे 'मुलांचे खून थांबवा', या नावाने आईबाप रस्त्यावर उतरले. अपघाताचे चौक अडवून बसले, गल्ल्या बंद करून तिथे मुलांना खेळायला सोडलं. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी गाड्या बंद झाल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांनी चालून बघितलं.

त्यानंतरचा ग्रोनिंगन शहराचा निर्णय मला सगळ्यांत आवडतो. १९७७ मध्ये त्यांनी शहराचा मध्यभाग चार हिश्श्यांत वाटला. एका हिश्श्यातून शेजारच्या हिश्श्यात गाडीने थेट जाता येईना. बाहेरच्या वळणरस्त्याला जाऊन, फेरा मारून परत आत. पायी आणि सायकलने मात्र सरळ. गाडीवर बंदी नाही, दंड नाही. फक्त लांबचा रस्ता कुणी घ्यायचा, ही जुनी वाटणी उलटी केली. पूल चढायची ती दोन-तीन मिनिटं इथे गाडीच्या खात्यात गेली. दुकानदारांनी अर्थातच आकाशपाताळ एक केलं होतं. शहराचा मध्यभाग आजही गजबजलेला आहे.

विरोधाची एक बाजू मला हलकी वाटत नाही. ज्यांचे सेकंद आधीच दुसऱ्याने विकलेले असतात, त्या माणसांची. दारात वस्तू आणून देणारा मुलगा उलट्या दिशेने येतो, फुटपाथवर दुचाकी चढवतो, तेव्हा त्याच्या मोबाइलवर कुणीतरी मिनिटं मोजत असतं. त्याला पकडून दंड केला की आकडेवारी छान दिसते, पण मिनिटं मोजणारा कुठल्याच चौकात उभा नसतो. अशांसाठी तरी रस्त्यानेच वेग उतरवला पाहिजे, सगळ्यांचा सारखा. मग घाई करण्यात अर्थच उरत नाही आणि उशिराचा ठपकाही एकट्यावर येत नाही.

हेल्सिंकी हे फिनलंडच्या राजधानीचं, जवळपास सात लाख वस्तीचं शहर. जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षभरात तिथे रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. कुठलीही जादू त्यामागे नव्हती. निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० ची मर्यादा, अरुंद केलेले रस्ते, कॅमेरे, चांगली सार्वजनिक वाहतूक, बर्फातही वापरता येणारे सायकलमार्ग. सगळं कित्येक वर्षं कंटाळवाण्या चिकाटीने केलेलं.

शून्य मृत्यूंच्या पलीकडे काय मिळतं, ते डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने मोजायचा प्रयत्न केला होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांवर त्याने रहिवाशांशी बोलून पाहिलं. एकावरून दिवसाला साधारण २,००० गाड्या जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र त्याच गल्लीतले होते. जास्त गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नाही: ०.९. 'तुमचं घर नकाशावर रंगवा' म्हटल्यावर पहिल्या गल्लीतल्यांनी अख्खा रस्ता रंगवला. तिसऱ्या गल्लीतल्यांचा रंग दारापाशीच संपला. हा माणूस १९८२ साली अथेन्समध्ये एका भरधाव गाडीखाली गेला.

बदलाची सुरुवात डांबर उखडूनच करावी लागते असंही नाही. न्यूयॉर्कने २००९ च्या मे महिन्यात टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद केला तो प्रयोग म्हणून. बॅरल आणि घडीच्या खुर्च्या मांडून. लोक येऊन बसले. शहराने काही महिने मोजलं: पायी माणसांच्या दुखापती ३५ टक्क्यांनी घटल्या, गाड्यांमधल्यांच्या तर ६३ टक्क्यांनी. पुढच्या वर्षी प्रयोग कायम झाला. मला भावतो तो हा क्रम: आधी खुर्च्या, मग मोजणी, मग भांडण. आपल्याकडे भांडण आधी होतं आणि मोजणी होतच नाही. म्हणून नवा चौक आखणाऱ्यांकडे माझी मागणी एका रकान्याची आहे. गाड्यांच्या खोळंब्याचे सेकंद जिथे लिहिता, त्याच्याच शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, पायी आणि सायकलवर असलेल्यांच्या खोळंब्याचे सेकंद लिहा. श्रेणी मग खुशाल 'एफ' येऊ दे.